भोपळा गडगडला पाहिजे



 टेमघर-भिवंडीतल्या या स्मृतिव्याख्यानाचा विषय देताना संयोजकांनी जड शब्द वापरले नाहीत. खेळण्यांच्या दुकानात उभे राहून पालक जो प्रश्न विचारतात, तोच त्यांनी माझ्यापुढे ठेवला. मुलाला एखादी गोष्ट फार आवडते, रोज रात्री तीच सांग म्हणून हट्ट धरतं. त्या गोष्टीला धरून त्याला कोणतं खेळणं द्यावं, कोणता खेळ सुचवावा, म्हणजे ते रमेल आणि शिकेलही?

बाजारानं या प्रश्नाचं उत्तर केव्हाच देऊन ठेवलंय. गोष्टीतल्या पात्राचा चेहरा वस्तूवर छापायचा. ‘छोटा भीम’ २००८ साली टीव्हीवर आला आणि पाहता पाहता दप्तर, पाण्याची बाटली, कंपासपेटी, चप्पल, फुगा, सगळीकडे तो जाऊन बसला. मुलाला तो आवडतो, त्यात गैर काही नाही. पण बाटलीवर भीम असला म्हणून मूल बाटलीशी खेळत नाही, पाणीच पितं. बाहुला आणला तर चार दिवस उराशी धरतं, पाचव्या दिवशी तो पलंगाखाली असतो. पालक म्हणतात, मुलांचं मन लगेच उडतं. मला वाटतं, मन उडत नाही. त्या बाहुल्याशी करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. खेळणं निवडताना गोष्टीत कोण आहे हे पाहू नका, गोष्टीत काय होतं ते पाहा. मुलाला आवडणाऱ्या प्रत्येक गोष्टीत एखादी कृती असते आणि ती स्वतःच्या हातानं करून पाहावी अशी त्याची ओढ असते. घर बांधणं, लपणं, पाणी वर आणणं, कुणाला तरी चकवणं, हरवलेलं शोधणं. ती कृती ज्या वस्तूनं करता येईल, ती त्या गोष्टीचं खेळणं. मग तिच्यावर कुणाचं चित्र नसलं तरी चालेल.

म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट घेऊ. ही गोष्ट माहीत नाही असं मराठी घर सापडणार नाही. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ-लांडगे भेटतात, लेकीकडून जाडजूड होऊन येते म्हणून ती त्यांना थोपवते आणि परतताना भोपळ्यात बसून येते. आता या गोष्टीचं खेळणं म्हणून काठी टेकणारी म्हातारीची बाहुली आणता येईल. छान दिसेल. पण गोष्टीचा जीव कशात आहे? भोपळा गडगडण्यात. तेव्हा खेळणं हवं ते गडगडणारं.

एका बालवाडीत आम्ही हे करून पाहिलं. रद्दी कागदाचा गोळा केला, वर यंत्रमागावरच्या स्वच्छ चिंध्या घट्ट गुंडाळल्या आणि गोदामातून आलेल्या मोठ्या खोक्याचा पुठ्ठा विटांवर तिरपा टेकवला. झाला डोंगर. मुलांनी दोन्ही बाजूंना वाघ, लांडगा, कोल्हा उभे केले. सुताच्या रिकाम्या कोनाला कान चिकटवले की कोल्हा होतो, हे त्यांचं त्यांनाच सुचलं. भोपळा वरून सोडला आणि तो सरळ खाली गेला, वाघापाशी न थांबता. साधारण पाच वर्षांची एक मुलगी लगेच म्हणाली, “अगं, पण वाघ विचारणार कधी?”

खरंच होतं तिचं. गोष्टीत भोपळा प्रत्येक जनावरापाशी थांबतो, आतून म्हातारी उत्तर देते आणि मग तो पुढे जातो. थांबला नाही तर गोष्टच नाही. मग त्या मुलांचा सगळा वेळ भोपळा थांबवण्यात गेला. उतार कमी केला तर तो वरच अडकून बसला. जास्त केला तर तिन्ही जनावरांना पाडून भिंतीला आपटला. कुणीतरी वाटेत चिंधीची वळकटी आडवी ठेवली, गतिरोधक असतो तशी. मोठी वळकटी ठेवली तर भोपळा थांबला, पण बोटानं ढकलल्यावरही पलीकडे जाईना. बारीक ठेवली तर थांबलाच नाही. शेवटी वाघापाशी जाड, लांडग्यापाशी मध्यम आणि कोल्ह्यापाशी बारीक असा बेत जमला. कोणत्या जनावरापाशी भोपळ्याचा जोर किती असतो, हे त्यांनी पाहून ओळखलं. उतार, वेग, घर्षण यांतला एक शब्दही कुणी उच्चारला नाही. शब्द पुढे सातवी-आठवीत भेटतीलच. दर वेळी भोपळा थांबला की एक मूल वाघाच्या आवाजात विचारायचं आणि दुसरं म्हातारीच्या आवाजात उत्तर द्यायचं. ज्या मुलाच्या घरी तेलुगू बोलतात, तो म्हातारी झाला तेव्हा त्याच्या तोंडून सबंध मराठी वाक्यं आली, कारण गोष्टीला ती हवीच होती.

या सगळ्याला खर्च काहीच आला नाही. पण स्वस्त म्हणून ते चांगलं, असं मी म्हणत नाही. ज्या अडचणीवर गोष्ट उभी आहे, तीच अडचण त्या मुलांच्या हातात आली होती. तुमच्याकडे पैसे असतील तर सुताराकडून चांगली फळी तासून घ्या, लाकडी गोळे आणा. अडचण मात्र तशीच राहू द्या.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगोत्स्की यांनी १९३३ साली मुलांच्या खेळावर एक व्याख्यान दिलं. जगभरच्या बालशिक्षणात ते आजही वाचलं जातं. काठीचा घोडा आपल्याकडच्या प्रत्येक अंगणात धावलेला आहे, त्याच घोड्याचं उदाहरण त्यांनी घेतलं. मूल काठीला घोडा मानतं ते ती घोड्यासारखी दिसते म्हणून नाही, तिच्यावर स्वार होता येतं म्हणून. लहान मुलासाठी पोस्टकार्ड काही घोडा होऊ शकत नाही, असं ते म्हणतात. यातलं मर्म दुकानात उभं असताना आठवावं. पोस्टकार्डावर कितीही सुंदर घोडा छापला तरी त्याच्यावर टांग टाकता येत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. बालशिक्षणाचा विषय ठाणे जिल्ह्यात काढायचा आणि बोर्डी-कोसबाडचं नाव घ्यायचं नाही, हे होऊच शकत नाही. २०१४ साली पालघर वेगळा झाला, त्याआधी ही दोन्ही गावं आपल्याच जिल्ह्यात होती. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ सुरू झाला आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तारीखवार इतिहास मी सांगत बसणार नाही, तो आपल्याला ठाऊक आहे. मला त्या कामातल्या एका पेचाबद्दल बोलायचं आहे.

मादाम माँटेसरी १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धामुळे काही वर्षं इथेच राहिल्या. त्यांची साधनं आपल्याकडच्या बालशिक्षकांना त्याआधीच पोचली होती. दट्ट्या, मनोरा, रंगाच्या पट्ट्या. प्रत्येक साधनाला एकच काम, आणि चूक झाली तर साधनच ती दाखवून देतं. फार थोर दृष्टी होती ती. पण लहान मुलांना परीकथा सांगण्याबद्दल माँटेसरींना शंका होती. मुलानं आधी खऱ्या जगातल्या वस्तू हाताळाव्यात, असं त्यांचं मत होतं. गिजुभाईंचा जीव मात्र गोष्टीत होता. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधले लक्ष्मीराम मास्तर दंगा करणाऱ्या वर्गाला ताळ्यावर आणतात ते गोष्ट सांगून, आणि पुढे त्याच गोष्टींची मुलं नाटकं करतात. म्हणजे एकीकडे अतिशय विचारपूर्वक घडवलेलं, पण गोष्ट नसलेलं साधन. दुसरीकडे मुलांना खिळवून ठेवणारी, पण कानानं ऐकायची गोष्ट.

ताराबाई आणि अनुताईंनी यातली एक बाजू निवडली नाही. वारली मुलं ठरावीक वेळी शाळेत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखायला गेलेल्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. साधनं महाग होती, तर बिया, शिंपले, पानं, माती, बांबू यांची साधनं केली. पाड्यावरच्या मुलाला चिंचोके मोजायला दिले की त्याला वस्तू ओळखीची असते, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष मोजण्याकडे जातं. हे तत्त्व त्यांनी साधनांच्या बाबतीत वापरलं. आपण ते गोष्टीपर्यंत न्यायला हवं. आवडती गोष्ट मुलाच्या ओळखीचीच असते. पुढे काय होणार हे त्याला पाठ असतं, त्यामुळे खेळताना त्याचं लक्ष ‘हे कसं होणार’ याच्याकडे वळतं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मुलावर वैतागू नका. खेळणं निवडण्यासाठी यापेक्षा चांगली खूण मिळणार नाही.

तहानलेल्या कावळ्याची गोष्ट कितीतरी पाठ्यपुस्तकांतून येऊन गेली आहे. तिचा उपयोग आपण युक्ती किंवा चिकाटीचा धडा देण्यापुरता करतो आणि पान उलटतो. २००९ साली ख्रिस्तोफर बर्ड आणि नेथन एमरी यांनी कावळ्याच्या कुळातल्या रूक नावाच्या पक्ष्यांपुढे अर्धवट पाणी भरलेली नळी ठेवली, पाण्यावर अळी तरंगत ठेवली आणि शेजारी खडे ठेवले. पक्ष्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं आणि अळी खाल्ली. गोष्ट खरी निघाली. २०१२ मध्ये केंब्रिजच्या लूसी चीक आणि सहकाऱ्यांनी ४ ते १० वर्षांच्या मुलांना असंच कोडं घातलं. आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना ते पहिल्याच झटक्यात सुटलं. पाच ते सात वर्षांची मुलं काही प्रयत्नांनंतर शिकली, साधारण या कुळातल्या पक्ष्यांइतक्याच वेगानं.

हा खेळ घरी मांडून बघा. काचेचा नको, पारदर्शक प्लॅस्टिकचा उभा पेला घ्या. पाव पेला पाणी आणि वाटीभर धुतलेले खडे. मूल खडे टाकत राहतं. पाणी थोडं चढतं, मग खडे त्याच्या वर येतात आणि पाणी काही काठापर्यंत येत नाही. पेला काठोकाठ खड्यांनी भरतो आणि पाणी खालीच, खड्यांच्या फटींत. कावळा तहानलेलाच. मूल गोंधळतं, आणि हा गोंधळ मोलाचा आहे. घाईनं उत्तर सांगू नका. मग पेला निम्म्याहून जास्त भरा. आता तेच खडे, आणि पाणी भराभर वर. म्हणजे खड्यांमध्ये जागा असते, ती भरून उरण्याइतकं पाणी मडक्यात आधीपासून असावं लागतं. गोष्टीतलं मडकं पुरेसं भरलेलं होतं! हे गोष्टीत कुणी सांगितलेलं नाही, मुलानं स्वतः शोधलेलं आहे. पुढे खड्यांऐवजी थर्माकोलचे तुकडे द्या, वाळू द्या, मोठे दगड द्या. काय तरंगतं, काय बुडतं, कशानं पाणी जास्त चढतं. एका पेल्यावर आठवडा जातो. दुकानात मिळणाऱ्या कावळ्याच्या चित्राच्या जोडकोड्यानं हे होणार नाही. ते एकदा जुळलं की जुळलं.

आता दिवाळीचा किल्ला. गोष्टीतून खेळणं घडवण्याची याच्याएवढी मोठी परंपरा निदान माझ्या माहितीत दुसरी नाही. शिवरायांची गोष्ट ऐकलेलं मूल आणि अंगणात पडलेली माती, एवढ्यावर हा खेळ महाराष्ट्रभर चालत आला. दगड रचायचे, वर गोणपाट टाकायचं, चिखल थापायचा, अळीव-मोहरी पेरायची, ती उगवेतो रोज पाणी शिंपडायचं, दरवाजा कुठे, तटबंदी कुठे, पाण्याचं टाकं कुठे यावरून भांडायचं आणि शेवटी मावळे मांडायचे. मावळे शेवटी, हे लक्षात घ्या. पात्रांची पाळी शेवटची. त्याआधीचे चार दिवस बांधकामाचे. आता तयार साच्यातले किल्ले विकत मिळतात, रंगवून, पायऱ्यांसकट. आणून ठेवायचे आणि फोटो काढायचा. जागा नाही, माती नाही, वेळ नाही, ही अडचण मला समजते. चाळीतून फ्लॅटमध्ये आलेल्या घरात माती आणायची कुठून? पण मग गॅलरीत एका घमेल्यात फूटभर किल्ला करा. तो वाकडा होईल, एका बाजूनं ढासळेल. तरी तो मुलाचा असेल.

टेमघरच्या मुलांसाठी मी जास्त काही मागणार आहे. आपण इथे किल्ला करतो तो बहुधा रायगड नाहीतर प्रतापगड. आपली स्वतःची गोष्ट आपण मांडतच नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या काठावर मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात झाली. इथून कल्याणच्या रस्त्यानं खाडीपर्यंत गेलं की दुर्गाडी किल्ला दिसतो. जहाजं बांधण्याच्या कामात पोर्तुगीज कारागीरही होते. ही गोष्ट सांगितली तर मुलाला काय करावंसं वाटेल? बोट बांधावीशी वाटेल. तेव्हा या दिवाळीला दुर्गाडी करा, आणि पायथ्याशी खाडी म्हणून एक पसरट घमेलं पाण्यानं भरून ठेवा. बोट कशाची करायची हे मुलांवर सोडा. नारळाची करवंटी चांगली तरंगते. तिच्यात काडीची डोलकाठी उभी केली, कागदाचं शीड लावलं की ती कलंडते. मुलं डोलकाठी बदलतात, शीड लहान करतात, तरी कलंडतेच. मग कुणीतरी करवंटीच्या तळाशी मातीचा गोळा थापतं आणि बोट ताठ उभी राहते. जहाजाच्या तळाशी वजन का ठेवतात हे त्या पोराला जन्मभर कुणी शिकवायला नको. गलबत, गुराब, मचवा हे शब्दही त्याच वेळी सांगून टाका, तेव्हा ते कानात बसतात.

पत्त्यांचंही तसंच. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा आपल्यापैकी अनेकांनी फक्त शोभेची वस्तू म्हणून, काचेच्या चौकटीत पाहिली असेल. ती खेळायची आहे. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत मिळून बारा, असे १२० पत्ते. तिघांत खेळतात, प्रत्येकाला चाळीस. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो आधी उतरतो, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे तो. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी, उरलेल्यांत एक्का मोठा. कोणते पत्ते पडून गेले हे लक्षात ठेवल्याशिवाय जिंकता येत नाही. दहा अवतारांची गोष्ट माहीत असलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या स्मरणशक्तीला इतकं ताणणारा खेळ मला दुसरा दाखवा. लाखकामाचा हातानं रंगवलेला जोड महाग असतो, हे खरं. पण पुठ्ठ्याचे गोल कापून मुलांनीच पत्ते रंगवले तर? आणि अवतारच हवेत असंही नाही. टेमघरच्या शाळेत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू घरांतली मुलं शेजारी बसतात. प्रत्येकानं आपल्या आजीच्या गोष्टीतला एक राजा आणि एक प्रधान आणावा. जोड वर्गाचा होईल.

मैदानी खेळांतही गोष्टी आहेत, त्या आपण विसरलो एवढंच. विषामृत आपण सगळे खेळलोय. ज्याला विष मिळालं तो बसला, अमृत मिळालं की उठला. त्यात समुद्रमंथन आहे, हे मुलांना सांगा आणि मग खेळायला सोडा. पुढच्या वेळी कुणी मोहिनी होतं, कुणी राहू होऊन अमृत चोरायला बघतं, आणि नियम मुलंच वाढवतात. याला कसलंच सामान लागत नाही. मोकळी जागा लागते, आणि ती आपल्या भागात दर वर्षी कमी होतेय. शाळेचं पटांगण संध्याकाळी मुलांसाठी उघडं ठेवणं, हा माझ्या लेखी खेळण्यांच्या प्रश्नाचाच भाग आहे.

जरा मोठ्या मुलांबद्दल थोडक्यात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आवडू लागला की पालक भिंग आणि खोट्या ठशांचा गुप्तहेर-संच आणतात. पण फुरसुंगीचा बनेश फेणे काय करतो? सायकलवरून वाटा पालथ्या घालतो, पाहतो, आणि पाहिलेलं जोडून बघतो. त्याला कागद आणि होकायंत्र द्या आणि इथल्या राजनोलीपासून कल्याण नाक्यापर्यंतचा नकाशा करायला सांगा. मेट्रोच्या खांबांवर नंबर असतील तर तेही टिपायला सांगा. मग त्याच नकाशावर मित्रांनी एकमेकांसाठी खजिना दडवावा. हमरस्त्यावर अवजड ट्रक असतात, तेव्हा मोठं कुणीतरी बरोबर हवं. हा खेळ वर्षभर पुरतो.

विकत घेताना काय पाहावं, तेही सांगायला हवं, कारण इथे चूक महागात पडते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह असणं सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, म्हणून चिन्ह नाही एवढ्यावरून कारागिराचं लाकडी खेळणं नाकारू नका, मात्र रंग कोणता वापरलाय हे त्याला विचारा. तीन वर्षांखालच्या मुलाला सुमारे सव्वा इंच रुंदीच्या नळीत मावेल असा सुटा तुकडा देऊ नये, तो घशात अडकू शकतो. चिंचोके, कवड्या, सागरगोटे हे सगळं त्या वयानंतर. पेल्यातले खडेसुद्धा. गुंजा तर कुठल्याच वयाच्या मुलाला देऊ नका. लालकाळी गुंज दिसायला मोहक असते, पण तिच्या बीत जहाल विष आहे आणि ती चावली गेली तर जिवावर बेततं. बटणासारखे चपटे सेल आणि सुटी चुंबकं गिळली गेली तर पोटात भयंकर इजा करतात, तेव्हा सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतंय का पाहा. आणि मागावरच्या वस्तूंबद्दल खास आपल्यासाठी. कोन, बॉबिन, चिंध्या जरूर वापरा, पण तेलकट चिंधी नको, रंगरसायनांचे डबे धुतलेले असले तरी नकोत, आणि जुना लाकडी धोटा होडीसारखा दिसतो म्हणून मुलाच्या हातात देऊ नका. त्याची लोखंडी टोकं अणकुचीदार असतात.

सरकारनंही खेळण्यांची बाजू आता घेतली आहे. २० फेब्रुवारी २०२३ रोजी ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ आला. त्यात बाहुल्या, कोडी, खेळणी, गोष्टी असं सगळं एकत्र आहे. मला त्याचं स्वागत करायचं आहे. पण पिटारा कपाटात कुलूपबंद राहिला, तुकडे हरवतील म्हणून मुलांच्या हाती दिलाच नाही, तर उपयोग काय? अंगणवाडीताई घाबरतात, कारण हिशोब त्यांना द्यावा लागतो. म्हणून वरिष्ठांना माझी कळकळीची विनंती आहे, की खेळण्याची मोडतोड आणि झीज कागदावर मान्य करा. वापरलेलं खेळणं झिजणारच. वर्षअखेरीला जे कोरं करकरीत राहिलं, त्याचा जाब विचारा.

आता टेमघरसाठी एक सूचना. ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे त्या बाईंच्या नावानं जी पुस्तकं संयोजक मंडळाकडे जमली आहेत, त्यांतल्या निवडक गोष्टींना एकेक कापडी पिशवी जोडावी. पुस्तकाबरोबर पिशवी घरी न्यायची आणि आठवड्यानं परत आणायची. भोपळ्याच्या पुस्तकाच्या पिशवीत चिंध्यांचा गोळा, पुठ्ठ्याची घडी आणि तीन कोन. कावळ्याच्या पिशवीत पेला आणि खडे, वर मोठ्या अक्षरांत ‘तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही’ अशी पट्टी. चिऊ-काऊच्या पिशवीत चिखलासाठी कोरड्या मातीचा डबा, काड्या, मेणाचा तुकडा आणि शिंपडायला एक झारी, म्हणजे पावसात कोणतं घर टिकतं ते मुलं घरीच बघतील. पिशव्या शिवायला इथे कापड कमी नाही आणि शिवणाऱ्या हातांचीही कमी नाही. खोकी गोदामवाल्यांकडे मागितली तर मिळतील. पिशवीबरोबर एक वही द्यावी, तिच्यात मूल काय म्हणालं, काय करून बघितलं, हे पालकांनी चार ओळींत लिहावं, मराठीत, उर्दूत, ज्या भाषेत येईल त्या भाषेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडून ताईंनी ऐकून लिहून घ्यावं. सहा महिन्यांनी त्या वह्या वाचल्या की कोणती पिशवी मुलं पुन्हा मागतात, कोणती तशीच परत येते, ते कळेल. तशी परत येणारी पिशवी उघडून आतलं सामान बदलायचं. पहिल्या पाच पिशव्यांचं सामान मी आज बरोबर आणलं आहे, ते इथे टेबलावर आहे. ज्यांना हात लावून बघायचं असेल त्यांनी मुलांना घेऊन पुढे यावं.